उंच गाडीला जॅक कोणता घ्यावा?



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी मालाची पिकअप गाडी उभी असते. कांदा, टोमॅटो, खत, सिमेंट सारे तिच्यातून जाते. माल नीट पेलावा, खडबडीत वाटेवर पोट घासू नये, म्हणून कोणी मागे जादा पाटे घालतो, कोणी मोठे टायर बसवतो. गाडी चार बोटे उंच होते. पण तिच्याबरोबर आलेला जॅक होता तेवढाच राहतो. त्याची आठवण होते ती टायर पंक्चर झाल्यावर.

समजा, आपला एक भाऊ पहाटे कांदा घेऊन लासलगावला निघाला. वाटेत मागचा टायर बसला. लिलाव गाठायचा आहे. जॅक काढला, तर तो गाडीच्या पोटाला पुरेना. मग त्याने काय केले? बांधावरचा दगड आणला, दगडावर वीट ठेवली, विटेवर जॅक ठेवला. चाक निघाले आणि वीट फुटली. गाडी खाली आली. त्या वेळी हात चाकाच्या जागी असला तर? कांद्याचा लिलाव उद्याही होईल. गेलेला हात उद्या येत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, शाळेच्या माणसाला जॅकमधलं काय कळतं? अहो, जॅक निवडणे म्हणजे मापे घेणे आणि आकडे वाचणे. ते तर आपण वर्गात शिकतोच.

पहिला आकडा वजनाचा. तुमच्या आर. सी. बुकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन लिहिलेले असते. समजा एकूण वजन ३ टन आहे. जॅक एका वेळी एकच बाजू उचलतो हे खरे. पण भरल्या गाडीचा बराच भार मागच्या चाकांवर येतो, आणि रस्ता काही सपाट नसतो. म्हणून जॅक ३ टनांहून कमीचा घेऊ नये. ५ टनांचा घेतला तर उत्तम.

दुसरा आकडा जॅक बंद असतानाच्या उंचीचा. तिसरा, तो पूर्ण उघडल्यावरच्या उंचीचा. हे दोन्ही बहुधा जॅकच्या चिठ्ठीवर किंवा खोक्यावर मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. २५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १ इंच. २०० मिलिमीटर म्हणजे ८ इंच समजा.

आता गाडी मोजू. जॅक लावायचा कुठे? मागचे चाक काढायचे तर तो चाकाजवळ, अ‍ॅक्सलखाली लावावा. पोटाखाली, म्हणजे चासीला लावला, तर आधी पाटे सैल होत जातात. गाडी वर गेलेली दिसते, पण चाक जमिनीलाच चिकटलेले. जॅकची सारी उंची तिथेच संपते. अ‍ॅक्सलखाली लावला की चाक लगेच उचलू लागते.

इथे एक गंमत पहा. पाटे वाढवले तर गाडीचे पोट वर जाते, अ‍ॅक्सल वर जात नाही. अ‍ॅक्सल वर जातो तो टायर मोठा केल्यावर, आणि तोही निम्माच. टायर २८ इंचांचा होता, तो ३२ इंचांचा केला. वाढ ४ इंचांची, पण अ‍ॅक्सल वर गेला २ इंच. म्हणजे मोठा जॅक लागेल, पण लोकांना वाटते तेवढा मोठा नव्हे.

समजा हवा भरलेली असताना अ‍ॅक्सलची खालची बाजू जमिनीपासून १२ इंचांवर आहे. हवा गेल्यावर ती ४ इंच खाली बसली, तर उरले ८ इंच. तेव्हा बंद जॅक ८ इंचांहून थोडा बुटका हवा, नाहीतर तो आत जाणारच नाही. स्टेपनीत पूर्ण हवा असते, ती बसवायला अ‍ॅक्सल साडेतेरा इंचांपर्यंत उचलावा लागेल. म्हणजे जॅक १४ इंचांपर्यंत उघडणारा हवा. तुमच्या गाडीची मापे वेगळी येतील. टेप घेऊन स्वतः मोजा. पुढच्या चाकासाठी मात्र कंपनीच्या पुस्तकात दाखवलेली जागाच धरा.

मालाच्या गाडीला तेलाचा उभा जॅक, ज्याला बाटली जॅक म्हणतात, तो सोयीचा. त्यात लहान दट्ट्याने तेल दाबले की मोठा दट्ट्या वर येतो. दाबलेल्या तेलाचा जोर सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून थोड्या जोरात मोठे ओझे उचलते. घरची बाईही हा दांडा सहज मारू शकते. पुष्कळ बाटली जॅकांच्या डोक्यावर फिरवून वर काढायचा स्क्रू असतो. त्याने दोन-तीन इंच अधिक मिळतात. तेल गळणारा जॅक मात्र घेऊ नका. कात्रीसारखा उघडणारा जॅक लहान मोटारीला ठीक, भरल्या पिकअपला नव्हे.

आता वापरताना काय करायचं? गाडी सपाट, टणक जागी घ्या. हातब्रेक ओढा, गिअर टाका, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. माणसे उतरवा. नट आधी थोडे ढिले करा, मग उचला. जमीन मऊ असेल तर जॅकखाली रुंद, जाड लाकडी फळी घाला. विटांचा मनोरा कधी नको. स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, एक क्षणभरही, शिरू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेशी आणि नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. उंची वाढवण्याआधी आर. टी. ओ. कार्यालयात विचारावे.

उद्या वर्गाला येताना चार आकडे वहीत लिहून आणा: गाडीचे एकूण वजन, अ‍ॅक्सलची उंची, बंद जॅकची उंची, उघड्या जॅकची उंची. ज्यांचे आकडे जुळणार नाहीत, त्यांनी पुढची खेप भरण्याआधी जॅक बदलावा.