पुस्तकातला डेव्हिड, खरा डेव्हिड

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला बसलं की दोरा हमखास चुकतो. दोन डोळ्यांमध्ये जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर. पण प्रत्येकाला दिसणारं चित्र किंचित वेगळं, आणि त्या फरकावरूनच मेंदू खोली जोखतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये दोन आरसे आणि दोन रेखाचित्रं घेऊन हे दाखवलं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला तेव्हा अजून अवकाश होता!

याच तत्त्वावर चालणाऱ्या थ्रीडी लेसर स्कॅनरमध्ये एका डोळ्याच्या जागी लेसर असतो, दुसऱ्याच्या जागी कॅमेरा.

१९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क लेव्हॉय आणि त्यांचे सहकारी फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ स्कॅन करायला गेले. पुस्तकात पुतळ्याची उंची होती ४३४ सेंटिमीटर. प्रत्यक्षात निघाली ५१७! इतकी वर्षं कुणी टेप लावलीच नव्हती की काय, कोण जाणे. स्कॅनरचा मनोरा वाढवावा लागला. दिवसा पर्यटकांची गर्दी, म्हणून काम रात्री. छिन्नीच्या खुणा टिपण्यासाठी मोजणी पाव मिलिमीटरपर्यंत नेली; पुतळ्याची प्रतिकृती सुमारे दोन अब्ज बहुकोनांची झाली.

संगमरवरानंही छळलं. लेसरचा प्रकाश पृष्ठभागावर न थांबता दगडात थोडा झिरपायचा आणि मोजणी पुसट व्हायची.