उपनगरातील घरबाग : कोणत्या हंगामात कोणते फूल?

शेतीच्या या कार्यक्रमात भात, वाल, आंबा नेहमीचेच. आज आपण कुंडीतल्या फुलांविषयी बोलू. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, गॅलरीत, गच्चीवर किंवा इमारतीच्या मागच्या अंगणात आठ-दहा कुंड्या ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. या मंडळींची तक्रार बहुतेक एकच असते. "हिवाळ्यात रोपवाटिकेतून फुलांनी भरलेली रोपे आणतो. पंधरा दिवसांत फुले संपतात, महिन्याभरात रोप वाळते. आमच्या हाताला गुण नाही का हो?"

हाताला गुण आहे. चुकते ती वेळ. ऐन फुलावर आलेले हंगामी रोप म्हणजे निम्मे आयुष्य संपलेले रोप. त्यात ते थंड हवेच्या भागात वाढलेले असेल, तर आपली दमट हवा त्याला मानवत नाही. सांताक्रूझला जानेवारीतदेखील रात्रीचे सरासरी तापमान १६-१७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खरी थंडी म्हणाल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने. बोरिवली-मुलुंडकडे, जंगलाच्या बाजूला, रात्री थोड्या अधिक गार असतात इतकेच. तेव्हा पॅन्सी आणि स्वीट पी यांच्या नादी इथे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, डेलिया ही मंडळी जमवून घेतात. पण थंडी पडेल तेव्हा त्यांची रोपे कुंडीत रुजलेली हवीत.

हा हिशेब उलटा मोजायचा. हवामान खात्याने २०२० साली पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. परतीची तारीख पूर्वी सप्टेंबरअखेरची होती. म्हणून हिवाळी फुलांचे बी सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात, छज्ज्याखाली किंवा पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी, पसरट भांड्यात पेरावे. चार-पाच पाने आलेली रोपे ऑक्टोबरच्या मध्यानंतर कुंडीत लावावीत. उघड्यावर पेराल तर एक सर सगळे बी वाहून नेईल. राणीच्या बागेत महापालिकेचे पुष्पप्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरते. ते जरूर पाहा, पण सोबत वही न्या. आवडलेल्या फुलाचे नाव लिहून आणा आणि बी सप्टेंबरात पेरा.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. दहा कुंड्या असतील तर सात-आठ कुंड्यांत कायमची झुडपे लावावीत आणि दोन-तीन कुंड्याच हंगामी फुलांना द्याव्यात. जास्वंद, तगर, एक्झोरा, अनंत, मोगरा, बोगनवेल ही झाडे वर्षानुवर्षे साथ देतात. पण घेण्याआधी आपल्याकडे ऊन किती तास येते ते दोन-तीन दिवस घड्याळ लावून बघा. शेजारी नवी उंच इमारत उभी राहिली की कालची उन्हाची गॅलरी आज सावलीची होते. चार तासांहून कमी ऊन असेल तर फुलांचा हट्ट सोडून रंगीत पानांची कोलियस, ड्रॅसिना, मनीप्लांट अशी झाडे ठेवावीत. जास्वंदीला पाच-सहा तास ऊन लागतेच. वर्सोव्याकडे खारा वारा झोंबतो. तिथे बोगनवेल, सदाफुली आणि चिनी गुलाब तग धरतात. कण्हेरही तग धरते, पण कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही दोन्ही झाडे विषारी आहेत. बिट्टीची बी तर फारच घातक. घरात लहान मूल असेल तर ती लावूच नयेत.

पावसाळ्यात काय लावावे, हे तर आपली रानेच दाखवतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तेरडा आपसूक उगवतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे खरी. पण मे अखेरीस आणि जूनमध्ये दोन हप्त्यांनी बी टाकले तर गौरी येईपर्यंत कुंडी फुललेली राहते, आणि गौरीसाठी तेरडा बाजारातून आणावा लागत नाही. सोबत कोंबडा, गुलबक्षी आणि पावसाळी लिली. सदाफुली मात्र या दिवसांत आडोशाला घ्या. मुळाशी पाणी तुंबले की ती कुजते. दसऱ्याच्या झेंडूला बी पेरल्यापासून साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. दसऱ्याची तारीख कॅलेंडरात बघून तेवढे मागे मोजा, आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील.

पावसाळ्यात दुसरी काळजी डासांची. कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या ताटल्या ओता आणि घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात. माझे म्हणाल तर पावसाचे चार महिने ताटल्या काढूनच ठेवाव्यात. शिवाय बारा इंची मातीची कुंडी ओली झाली की वजन २५ किलोंच्या घरात जाते. ती कठड्यावर ठेवू नका; खाली माणसे चालतात. लाल माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घेतले तर वजनही कमी होते आणि पाण्याचा निचराही होतो.

शेवंतीबद्दल हमखास विचारले जाते : "झाड हिरवेगार आहे, पण कळीच नाही." शेवंतीला रात्र मोठी झाली की कळ्या धरतात. गॅलरीत रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर तिच्या लेखी रात्र मोठी होतच नाही. सप्टेंबरपासून कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा. खताची गरज नाही. झाडांचे पंचांग वेगळे असते. त्याच राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, २०१६ साली फुलली आणि मग थेट २०२४ साली.

गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात करा. दीड-दोन महिन्यांत फुले येतात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

राहिला उन्हाळा. बोगनवेलीला फार पाणी घालू नका, नाहीतर नुसती पाने येतील. चिनी गुलाबाची काडी खोचली तरी रुजते. सकाळी उशिरा उमलतो म्हणून काहीजण त्याला ऑफिसटाईम म्हणतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात कमी करा, जानेवारीत छाटणी करून शेणखत घाला आणि मगच नियमित पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या लागतील.