त्या तांब्याला मी हात लावला नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला एड्स. पत्रिकेत मात्र छापलं 'आरोग्यविषयक मार्गदर्शन'. हसू नका, आपली अडचण इथूनच सुरू होते.

भारतात एच.आय.व्ही.ची लागण पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला आढळली. दहा-अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, मी दुसऱ्या एका गावच्या वस्तीत राहत होतो. तिथला ट्रकवर जाणारा एक भाऊ वारला. खांदा द्यायला चौघे जमेनात. आम्ही गेलो, पण घरी परतल्यावर साबणाने दोनदा आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी सांत्वनाला गेलो तर त्या माउलीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणालो, "तहान नाही." उन्हाळ्याचे दिवस होते.

पिढ्यान्पिढ्या ज्यांना लोकांनी वरून पाणी वाढलं त्यांचाच मी मुलगा! महावग्गातली ती कथा मला तेव्हाही येत होती. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला, कुणी त्याच्याकडे बघत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर निजवलं. मी ही कथा प्रवचनात सांगायचो. तरी तांब्याला हात लागला नाही.

आता पोरांसाठी नीट सांगतो, लाजू नका. हा रोग निरोध न वापरता केलेल्या शरीरसंबंधातून, दूषित रक्त आणि सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात वा दुधातून होतो. एका ताटात जेवल्याने, संडास वापरल्याने, डास चावल्याने, मयताला खांदा दिल्याने होत नाही.

ती माउलीही २००३ मध्ये गेली. सरकारने मोफत ए.आर.टी. औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ ला. २०१७ पासून तर लागण निघाली की लगेच औषध सुरू करायचं असं धोरण आहे. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. रोज घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषध घेतलं तर बाळ बहुधा वाचतं. पण रोग मुळापासून जात नाही. 'मुळापासून काढतो' म्हणणाऱ्या वैदूकडे पैसे घालू नका आणि गोळी सोडू नका.

गोळी सुटते कधी, तर कोयता घेऊन टोळी निघाली की. सहा-सहा महिने माणूस कारखान्यावर. उचल घेतलेली, मुकादम सुट्टी देत नाही, केंद्राच्या वाऱ्या कशा करायच्या? म्हणून निघण्याआधीच केंद्रात सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, नाहीतर तिकडच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. खोकला असेल तर क्षयाची तपासणीही करा. एच.आय.व्ही. असलेल्यांचे सर्वांत जास्त बळी क्षयच घेतो.

समितीने धम्मचक्र प्रवर्तनदिनी इथेच रक्ततपासणी शिबिर ठेवायचं योजलं आहे. हेतू चांगला, पण माझा विरोध आहे, अध्यक्षसाहेब रागावले तरी चालेल. सभामंडपात रांग लागणार, कोण रडत बाहेर आलं ते सारी वस्ती बघणार. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नाव फोडता येत नाही, नोकरी, शाळा, भाड्याची खोली नाकारता येत नाही. मंडप-लाऊडस्पीकरचे पैसे बाजूला काढा आणि ज्याला जायचंय त्याला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रापर्यंतचं एस.टी.चं भाडं द्या. कशाला हवं, हे विचारू नका. वहीत नावही नको.

आणि विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर १०९७ हा मोफत फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा. खाली 'एच.आय.व्ही. माहितीसाठी' असं स्वच्छ लिहा, 'आरोग्यविषयक' नको. रंगाचे पैसे मी देतो, पेंटर तुम्ही बघा.

जय भीम! नमो बुद्धाय!