अंगावर येणाऱ्या कोंबड्याचं काय करायचं?
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने दिलेली माहिती)

तायांनो, आज फक्त कोंबड्याबद्दल बोलते. मागच्या वेळी निघताना एका ताईने विचारलं, "आमचा कोंबडा पोरीच्या अंगावर धावते. पोरगी आंगणात जायले भेते. विकू का ठेवू?" प्रश्न साधा नाही. कोंबडा उडी घेऊन पायाच्या काट्याने मारतो, आणि लहान लेकराचं तोंड नेमकं त्याच्या टप्प्यात येते. डोळ्याला लागलं तर?

पाच-सहा महिन्यांचा झाला की कोंबडा आपल्या कोंबड्यांची राखण करू लागतो. त्याच्या लेखी आपणही एक दुसरा कोंबडाच. आपण पळालो की तो समजतो, जिंकलो. लाथ मारली की समजतो, झुंज लागली. दोन्हीनं तो आणखीच चढतो. पोरं काडीनं डिवचत असतील तर ते आधी बंद करा.

आंगणात जाताना हातात सूप घ्या. अंगावर आला की सूप आडवं धरायचं, जागीच उभं राहायचं, पाठ दाखवायची नाही. तो बाजूला झाला की मगच हळू चालायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करा. सासूबाई दगड मारतात आणि सून सूप धरते, असं चालत नाही. संध्याकाळी खुराड्यात बसला की शांतपणे उचलून, पंख दाबून थोडा वेळ काखेत धरा. काट्याचं टोक कानशीनं बोथट करता येते, पण फक्त टोक. मुळाशी हाड आणि रक्त असते, तिथं कापू नका. कोणाला लागलंच तर जखम साबण-पाण्यानं धुवा आणि आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

आता मोजणी करा. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरे. पिल्लं नर-मादी न निवडता घेतली की जवळपास अर्धे नरच निघतात. सगळे ठेवले तर भांडणं होणारच, कोंबड्यांच्या पाठीची पिसंही जातात. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, तलंग त्याच्याशिवायही अंडी देते. पिल्लं काढायची असतील तरच तो पाहिजे. आणि रागीट कोंबड्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका, हा स्वभाव थोडाफार रक्तातून उतरतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. असा कोंबडा दिसला की घरातल्या माणसाला कोंबडबाजार आठवतो. प्राण्यांची झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, 2014 साली सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलं. शिवाय पिल्लं गटाच्या कर्जातून तुम्ही घेतली, दाणे तुम्ही घातले. तो पैजेवर लावायला तुम्हाला न विचारता कोणी कसा नेतो?

त्या ताईला माझं उत्तर असं. घरात लहान लेकरू आहे, तर वाट पाहू नका, विका. मोठीच माणसं असतील तर दोन-तीन आठवडे सूप धरून पाहा. गावठी कोंबड्याला खाणारं गिऱ्हाईक मिळतेच. पण पाळायला कोणी मागितला तर "मारका आहे" हे आधी सांगा, नाही तर पुढच्या बैठकीत तीच ताई माझ्याकडं येईल.

पुढच्या महिन्यात मानमोडीची लस. एका बाटलीत बऱ्याच कोंबड्यांचे डोस असतात, म्हणून कोणाकडं किती कोंबड्या ते प्रत्येक गटानं लिहून आणा.