सुरू न होणारा संगणक : देखभालीचे अर्थशास्त्र

(चेन्नई येथे मराठी भाषकांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने व्यासपीठावर यावे आणि चलनवाढीवर किंवा राजकोषीय तुटीवर न बोलता बंद पडलेल्या संगणकावर बोलावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु विकासाच्या प्रश्नांत आपण यंत्र खरेदीची जेवढी चर्चा करतो, त्याच्या दशांशानेही ते यंत्र चालू ठेवण्याची चर्चा करीत नाही. कळ दाबली आणि संगणक सुरू झाला नाही, तर पुढच्या तासाभरात काय घडते, यावर त्या गुंतवणुकीचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

येथून दीडशे किलोमीटरवर असलेल्या पुद्दुचेरीचे उदाहरण घेऊ. डॉ. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने 1998 मध्ये तेथील खेड्यांत ज्ञानकेंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. वीराम्पट्टिणम या कोळ्यांच्या गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज संगणकावर येत असे आणि तो ध्वनिक्षेपकावरून गावाला ऐकवला जाई. होडी लोटायची की नाही, याचा निर्णय त्या माहितीवर होई. ज्या पहाटे संगणक सुरू होणार नाही, त्या पहाटे कोळ्याला आकाशाकडे पाहूनच समुद्रात जावे लागणार. प्रकल्पाच्या कर्त्यांना ही जोखीम ठाऊक होती. म्हणून केंद्रांना विजेबरोबर सौरशक्तीची जोड देण्यात आली. तामिळनाडूत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर जे तमिळ शब्द सर्वांत आधी पडतात, त्यांत 'करंट इल्लै' हे दोन असतातच, आणि आपल्या महाराष्ट्रातही 'भारनियमन' हा शब्द एके काळी लहान मुलांच्या तोंडी होता.

दुसरे उदाहरण कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्याचे. तेथेही 1998 मध्येच 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सत्तरच्या आसपास गावांसाठी संगणक केंद्रे उभारण्यात आली. शेतकऱ्यांनी शेतीची, शिक्षणाची, बाजारभावाची माहिती तेथून घ्यावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताचा हिशेब आणि उसाचे वजन यांसाठी होत राहिला. हाही उपयोग लहान नव्हे. परंतु खंडित वीज, अडखळणारी दूरध्वनी जोडणी आणि जुनी होत गेलेली यंत्रे यांमुळे ती व्यवस्था महाग पडू लागली. तेव्हा एका संशोधन गटाने 2006-07 च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन ठेवून पाहिला. लघुसंदेश पाठवावा आणि केंद्रस्थानच्या एका संगणकाकडून उत्तर यावे, अशी ती योजना होती. नेमके तेच काम स्वस्तात झाले. गावातील संगणक बंद पडण्याचा प्रश्न अशा रीतीने संगणकच काढून टाकून सोडवला गेला! मला हा प्रयोग प्रामाणिक वाटतो. मात्र शाळा, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालय यांच्यापुढे हा मार्ग नाही. महाराष्ट्रात 2011 पासून 'संग्राम' प्रकल्पातून आणि पुढे 'आपले सरकार सेवा केंद्रां'तून ग्रामपंचायतीच्या पातळीवर दाखले मिळू लागले. ते दाखले मेजावरच्या संगणकातूनच निघतात.

आता यंत्राकडे वळू. रोगनिदानाचा एक आर्थिक नियम आहे : ज्या तपासणीला खर्च कमी आणि जिच्यात दोष सापडण्याची शक्यता अधिक, ती आधी करावी. संभाव्यतेला खर्चाने भागावे आणि येणाऱ्या भागाकाराच्या उतरत्या क्रमाने पुढे जावे. हा नियम ठाऊक नसताना आपण नेमके उलटे करतो. सर्वांत महाग भागावर प्रथम संशय घेतो.

समजा, कळ दाबल्यावर काहीच झाले नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. मग प्रथम भिंतीवरील सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहावा. स्पाइक बस्टरचे बटण बंद असते, यूपीएसची बॅटरी संपलेली असते, संगणकाच्या मागच्या बाजूची वायर सफाई करताना सैल झालेली असते. वीजपुरवठा संचावर, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, बहुधा एक लहान खटका असतो, तोही पाहावा. जुन्या संचांवर 115 आणि 230 असे आकडे असलेली लाल पट्टी असे. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची आहे. कुतूहलाने ती पट्टी 115 वर सरकवून कळ दाबणाऱ्याचा संच तत्काळ जळतो, हे मी पाहिलेले आहे. हे सारे ठीक असेल, तर वायर काढून ठेवावी, सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आत साचलेला विद्युतभार निघून जातो, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. तरीही यंत्र निपचित राहिले, तर दोष बहुधा एसएमपीएसमध्ये असतो आणि त्या जागी चालू असलेला दुसरा संच लावून त्याची खात्री करता येते. एसएमपीएसची पेटी मात्र आपण उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटर काही काळ भारित राहतात.

पंखा फिरतो पण पडदा काळा, ही दुसरी अवस्था. येथे मॉनिटरचा स्वतःचा खटका आणि त्याची केबल आधी पाहावी, हे सांगण्याची गरज नसावी. परंतु अनुभव असा, की ती असते. त्यानंतर कान द्यावा. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि काही चुकल्यास 'बीप' असे ध्वनी देतो. त्यांची संख्या आणि लांबी यांचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो, तो माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो. पुन्हापुन्हा येणारा ध्वनी पुष्कळदा रॅमकडे, म्हणजे स्मृतिपट्टीकडे बोट दाखवतो. वायर काढून, उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिरविद्युत घालवावी, पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि पट्टी खाचेत टक्कन बसेपर्यंत दाबावी. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात हा उपाय विशेष लागू पडतो. खारट, दमट हवेने धातूच्या जोडांवर थर धरतो. तिरुवान्मियूर किंवा बेझंट नगर येथे राहणाऱ्यांनी आपल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या आठवाव्यात. मदरबोर्डवरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र खोडरबर उपयोगी नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड अशा रीतीने निकामी झाले.

तिसरी अवस्था म्हणजे अक्षरे दिसतात, पण प्रणाली सुरू होत नाही. मागे विसरलेला पेनड्राइव्ह काढल्यावर चालू झालेले संगणक मी तरी मोजलेले नाहीत. दिनांक चुकीचा दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर 2032 सेल संपलेला असतो. तीन व्होल्टचा हा सेल किरकोळ किमतीत मिळतो. तो संपला, की घड्याळ मागे जाते, जतन केलेली मांडणी पुसली जाते आणि दिनांक जुळत नाही म्हणून संकेतस्थळेही दार उघडत नाहीत. सेल ठीक असेल, तर पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली लावून पाहावी. चेन्नईच्याच सी-डॅक केंद्राशी निगडित असलेली 'बॉस' ही त्यांपैकी एक. ती चालली, तर यंत्र बव्हंशी शाबूत असून दोष डिस्कमध्ये किंवा मूळ प्रणालीत आहे, हे कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिस्क अजून वाचता येत असेल, तर दुरुस्तीच्या आधी आपल्या फाइली बाहेर काढता येतात.

हा शेवटचा मुद्दा मी किंमत मोजता मोजता शिकलो. काही वर्षांपूर्वी ग्रामीण कर्जबाजारीपणाच्या एका पाहणीची सर्व कोष्टके माझ्या संगणकात होती आणि दुसरी प्रत नव्हती. चारशे घरांतून स्त्रियांनी सावकाराचा जो हिशेब कोणाला सांगितला नव्हता, तो आमच्या कार्यकर्त्यांना सांगितलेला होता. पुन्हा जाऊन तो विचारणे शक्यच नव्हते. एका सकाळी पडदा काळा. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेचा माणूस आला, पाच मिनिटे पाहून म्हणाला, 'सर, मदरबोर्ड गेला. डिस्कचाही भरवसा नाही.' नवा संच घेण्याचे कोटेशन त्याच संध्याकाळी आले. मी ते खिशात घालून, संगणक ऑटोरिक्षात ठेवून, अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवर गेलो. तेथे वीसेक वर्षांच्या एका तरुणाने फळकुटाएवढ्या दुकानात पेटी उघडली, स्मृतिपट्टी काढली, खोडरबराने पुसली आणि बसवली. पडदा उजळला. त्याने शंभर रुपये घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. कोष्टकांची प्रत मी तेथेच उभ्या उभ्या केली.

तो पहिला माणूस अप्रामाणिक होता, असे मी म्हणणार नाही. अर्थशास्त्राने या परिस्थितीचे विश्लेषण पूर्वीच केलेले आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 1973 मध्ये अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांची गरज किती होती, हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. दुरुस्ती हे त्यांचे प्रमुख उदाहरण होते. निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असेल, तर महाग उपचाराकडे कल झुकणे स्वाभाविकच. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवले, त्याच घराण्यातला हा विचार. यावर उपाय दोनच : निदान आणि विक्री वेगळी करणे, किंवा ग्राहकाला निदानाचा निदान पहिला टप्पा शिकवणे. रिची स्ट्रीटवर दुकानाला दुकान लागून आहे, शेजाऱ्याचे मत विचारता येते, म्हणून तेथे पहिला उपाय आपोआप साधतो. तालुक्याच्या गावी जेव्हा एकच दुरुस्तीवाला असतो, तेव्हा दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही.

सरकारी आणि निमसरकारी संस्थांत याला अंदाजपत्रकाच्या रचनेची भर पडते. नवा संगणक हा भांडवली खर्च. त्याला योजना असते, उद्घाटन असते, छायाचित्र असते. सेल आणि एसएमपीएस हा महसुली खर्च. त्याला बहुधा लेखाशीर्षही सापडत नाही. केंद्र पुरस्कृत 'आयसीटी ॲट स्कूल' योजना डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली आणि आपल्या राज्यासह अनेक राज्यांनी संगणककक्ष 'बूट' पद्धतीने, म्हणजे कंत्राटदाराने उभारावे, काही वर्षे चालवावे आणि मग शाळेकडे सोपवावे, अशा रीतीने उभारले. कंत्राट चालू असेतो त्याचा माणूस येतो. हस्तांतर होते, त्या दिवशी यंत्रे सर्वांत जुनी असतात आणि नेमक्या त्याच दिवसापासून त्यांना कोणी वाली नसतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका शाळेत मी दहांपैकी सहा संगणक कापडाखाली झाकलेले पाहिले. कापडे स्वच्छ धुतलेली होती. मुख्याध्यापक म्हणाले, 'साहेब, ते डेडस्टॉकला आहेत. उघडले आणि एखादा भाग कमी भरला, तर लेखापरीक्षक मला विचारणार. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवलाय.' म्हणजे बंद संगणक न उघडणे हेच त्यांच्या दृष्टीने सुरक्षित होते. सहा बंद यंत्रांच्या चांगल्या भागांतून तीन-चार चालू यंत्रे सहज निघाली असती, परंतु तसे करण्याची परवानगी देणारा कागद अस्तित्वात नव्हता. मला येथे शिक्षकाचा दोष दिसत नाही. नोंदवही वस्तूंची मोजणी करते, उपयोगाची करीत नाही.

केरळने शाळांमध्ये 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी मंडळे काढली आणि त्यांच्या प्रशिक्षणात यंत्रभागांच्या ओळखीलाही स्थान दिले, हे अनुकरणीय आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. ही पावले योग्य दिशेची आहेत, तथापि त्यांचा भर उत्पादकावर आहे. शाळेच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्यापर्यंत ती अद्याप पोहोचावयाची आहेत. दरम्यान 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे सर्वसाधारण समर्थन संपले आणि अनेक धडधाकट यंत्रे नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरली. ती सुरू होत नाहीत म्हणून नव्हे, तर सुरू होत असूनही निर्लेखनाच्या यादीत जातील. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती निदान टंकलेखनासाठी आणि मुलांच्या सरावासाठी वापरता येतात.

मघाशी एका भगिनींनी विचारले, की डिसेंबर 2015 च्या पुरात त्यांच्या तळमजल्यावरचा संगणक बुडाला, तो घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी उन्हात ठेवून सुरू केला आणि जळाला, काय चुकले? डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग वादळाच्या वेळीही अनेकांनी हेच केले. चूक सुरू करण्याच्या घाईत झाली. पाणी एकटे यंत्राला तितके मारत नाही, जितके पाणी आणि वीज मिळून मारतात. भिजलेल्या संगणकाची वायर आणि मदरबोर्डवरचा तो सेल प्रथम काढावा. भाग सुटे करून, गाळ स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, पंख्याखाली अनेक दिवस वाळवावेत. भिजलेला एसएमपीएस सरळ बदलावा. जुन्या पद्धतीच्या डिस्कला श्वासासाठी एक सूक्ष्म छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत गेलेले असू शकते. तिच्यात मोलाचे काही असेल, तर तिला वीज न देता जाणकाराकडे न्यावे. त्यांच्या डिस्कमध्ये लग्नाची छायाचित्रे होती, असे त्यांनी सांगितले. ती डिस्क अजून घरात असेल, तर माझ्याकडे घेऊन याव्यात. रिची स्ट्रीटवरचा तो तरुण आता चाळिशीकडे झुकला आहे, पण दुकान तेथेच आहे.