सातमाशी, आठमाशी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं, आठव्यात जन्मलेलं जगत नाही. तुमच्या आजीनं ती सांगितली असेल, माझ्या दादीनंही सांगितली होती. आमच्या मोहल्ल्यातल्या दाईचं त्याबाबत जेवढं ठाम मत होतं, तेवढंच पलीकडच्या आळीतल्या सुईणीचं. पुढे वाचनात आलं, की प्राचीन ग्रीक वैद्यांनीही आठमाशी गर्भावर स्वतंत्र लिहून ठेवलंय. आपल्या चरकसंहितेत तर आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करतं, म्हणून त्या वेळचा जन्म धोक्याचा, असं कारणही दिलेलं आहे. इतक्या लांबलांबच्या माणसांचं एकमत झालं आणि तरीही गोष्ट चुकीचीच निघाली. आठमाशी बाळ सातमाशी बाळापेक्षा अधिक तगतं. पोटातला एकेक आठवडा बाळाची फुप्फुसं पक्की करत असतो.

ही समजूत माझ्या लक्षात राहायला एक कारण घडलं. १९७७ साली मी सात वर्षांची होते. आमच्या घरी भाऊ जन्मला, दिवस भरायच्या बराच आधी. अब्बांनी त्याच्या कानात अजान दिली. तो रडला, पण ते रडणं नव्हतंच, कण्हणं होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा. लोहाराचा भाता उलटा चालावा तसं ते दिसायचं. गावातले डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि अब्बांना बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसं कच्ची आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आमच्यात सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवतात. तो दिवस आलाच नाही, म्हणून त्याला नाव नाही.

दादी म्हणाली, आठवा लागला होता, दुसरं काय होणार. अम्मी म्हणाली, नाही, सातवाच होता. दादी मोजायची चांदाचे महिने, रजब, शाबान, रमजान असे. डॉक्टरांनी मोजले इंग्रजी महिने. अम्मी मोजायची स्वतःच्या आठवणीवर. तिघांचे तीन हिशेब, आणि बाळ किती दिवसांचं होतं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आज मला वाटतं, आमच्या घरातला तो वाद अडाणीपणाचा नव्हता. त्या वादातच सगळा प्रश्न होता. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी ती फुप्फुसं. आपल्या फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात. ते आतून ओले असतात. ओली प्लॅस्टिकची पिशवी आतून कशी चिकटून बसते, उघडता उघडत नाही, तसं त्या फुग्यांचं व्हायला हवं. होत नाही, कारण फुप्फुस स्वतःच एक साबणासारखा पदार्थ तयार करतं आणि तो फुग्यांना मिटू देत नाही. हा पदार्थ पोटातल्या बाळात शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड जातो. अमेरिकेतल्या मेरी एलन एव्हरी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५९ साली हे दाखवून दिलं. पण कारण कळलं म्हणजे उपाय मिळाला असं होत नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजारानं जेमतेम दीड दिवसात गेला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या घरी जे झालं तेच चौदा वर्षांनी आमच्याकडे झालं.

फरक इतकाच, की मधल्या चौदा वर्षांत उपाय सापडला होता.

तो सापडला न्यूझीलंडमध्ये, आणि शोधत होते भलतंच. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांना एकच प्रश्न छळत होता. बाळंतपणाच्या कळा सुरू कोण करतं, आई की बाळ? त्यासाठी ते मेंढ्यांवर प्रयोग करत. पोटातल्या कोकराला त्यांनी कॉर्टिसोलसारखं संप्रेरक दिलं आणि मेंढी वेळेआधी व्याली. म्हणजे इशारा बाळाकडून येतो, हे कळलं. मेंढीचे दिवस साधारण १४७ असतात. यातलं एक कोकरू ११७ दिवसांचं होतं. एवढ्या कच्च्या कोकराच्या फुप्फुसात हवा शिरायलाच नको होती. ते जिवंत होतं, धापा टाकत होतं, पण श्वास घेत होतं. दुसरा कोणी असता तर चमत्कार म्हणून सोडून दिलं असतं. लिगिन्सनी विचारलं, याची फुप्फुसं आधी कशी पिकली? ज्या संप्रेरकानं कळा आणल्या त्यानंच फुप्फुसांनाही निरोप दिला होता, की चला, वेळ झाली.

मग त्यांनी रॉस हाउई या बालरोगतज्ज्ञांबरोबर बायकांमध्ये चाचणी केली. वेळेआधी कळा आलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. कोणाला खरं औषध आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. यावर पुष्कळांचं मन कचरतं, माझंही कचरलं होतं. आईच्या हाती चिठ्ठी कशी द्यायची? पण औषध खरंच उपयोगी आहे का, हे डॉक्टरांनाच ठाऊक नसताना दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. १९७२ साली २८२ बायकांचा निष्कर्ष छापून आला. औषध न मिळालेल्या गटात शंभरातली पंधरा बाळं पहिल्या आठवड्यात दगावली होती, मिळालेल्या गटात तीन.

म्हणजे माझा भाऊ जन्मला तेव्हा तो कागद पाच वर्षांचा होता. यात आमच्या गावच्या डॉक्टरांचा दोष मी काढत नाही. खुद्द अमेरिकेत १९९४ साली तज्ज्ञांची परिषद भरवून हे औषध द्या असं सांगावं लागलं, कारण तोवर ज्यांना ते मिळायला हवं अशा बहुतेक बायकांना ते मिळतच नव्हतं. बावीस वर्षं! स्टेरॉइड या शब्दाची भीती होती, पुढे मुलांच्या मेंदूवर काय परिणाम होईल ही शंका होती. (ऑकलंडची ती मुलं तिशीची झाल्यावर पुन्हा तपासली, त्यांच्यात मोठं नुकसान आढळलं नाही.) आणि नंतर झालेल्या चाचण्या छोट्या छोट्या होत्या, एकेकीकडे पाहिलं तर बहुतेक चाचण्यांतून खात्री देता येत नव्हती. आयर्लंडच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी त्या सगळ्या एकत्र मांडल्या, तेव्हा उत्तर लख्ख दिसलं. जगभरच्या चाचण्यांची अशी बेरीज करणारी कॉक्रेन नावाची संस्था १९९३ साली निघाली. तिच्या बोधचिन्हात आडव्या रेघा आहेत. त्या रेघा म्हणजे याच इंजेक्शनच्या सात चाचण्या. अनेकांना ते नुसतं नक्षीकाम वाटतं. मला त्या रेघांकडे पाहताना त्या मधल्या वर्षांतली बाळं आठवतात.

इथवर गोष्ट सोपी आहे: औषध स्वस्त, गुण सिद्ध, उशीर अक्षम्य. मग खेड्यापाड्यांत सरसकट द्यावं, असंच कोणालाही वाटेल. तसं वाटलं आणि ते करूनही पाहिलं. सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांवर. भारतातलं काम नागपूर आणि बेळगाव या दोन ठिकाणी झालं, म्हणजे आपल्या दारात. आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलं, औषधाचे संच दिले, दिवस नक्की माहीत नसतील तर पोटाची उंची टेपनं मोजून अंदाज बांधायला सांगितलं. २०१५ साली निकाल छापून आला आणि सगळे हबकले. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. उलट, जिथं हा कार्यक्रम राबवला तिथं हजार जन्मांमागे २७.४ नवजात बाळं दगावली, जिथं नव्हता तिथं २३.९. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला.

ऑकलंडला वाचवणारं औषध इथं मारायला का लागलं? औषध त्याच जातीचं होतं, हिशेब चुकला होता. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायका खरं तर दिवस भरत आलेल्या होत्या, त्यांच्या बाळांना त्याची गरजच नव्हती. जिथं जंतुसंसर्ग लगेच ओळखता येत नाही, नवजात बाळाला ऊब आणि प्राणवायू देण्याची सोय नाही, तिथं एकट्या इंजेक्शनच्या भरवशावर राहता येत नाही. आमच्या घरातला दादी, अम्मी आणि डॉक्टरांचा वाद आठवा. सातवा की आठवा, हे न ठरवताच सुई टोचली गेली होती.

मला या गोष्टीतला सर्वांत चांगला भाग पुढचा वाटतो. निकाल उलटा आला म्हणून कोणी तो दडवला नाही, आणि औषध फेकूनही दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा चाचणी घेतली. या वेळी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतली २९ रुग्णालयं, २८५२ आया. अट एकच महत्त्वाची: दिवस सोनोग्राफीनं पक्के करायचे, आणि २६ ते ३४ आठवड्यांमधल्या आयांनाच औषध द्यायचं. औषध डेक्सामेथासोन. कोरोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोचलं, तेच. २०२० साली निकाल आला. औषध मिळालेल्या गटातली १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यातली २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी ठरल्या मुदतीआधी थांबवली. साधारण पंचवीस आयांना औषध दिलं की एक बाळ वाचतं. हे आकडे मोठे वाटणार नाहीत. पण २०२० साली एकट्या भारतात सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मली.

म्हणून भगिनींनो, आणि त्यांच्या नवरे-सासवांनो, एक साधी गोष्ट. पाळीची शेवटची तारीख लिहून ठेवा. कॅलेंडरवर, रेशनकार्डाच्या पाकिटावर, कुठंही. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. दिवसांचा अंदाज तेव्हा सर्वांत पक्का येतो, उशिरा केली तर चूक वाढते. आणि सातव्या महिन्यात पोट दुखलं, पाणी गेलं, तर रात्र घरी काढू नका. इंजेक्शनला काम करायला एक-दोन दिवस लागतात. उशिरा पोचणाऱ्या बाईला डॉक्टर ते देतील, पण बाळाला वेळ कुठून देणार?

माझ्या भाच्याची बायको गेल्या वर्षी पहाटे तीनला कळा येऊन दवाखान्यात गेली. तिच्या फाइलमध्ये आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी होती, त्यामुळे डॉक्टरांना विचारत बसावं लागलं नाही. एकतीस आठवडे दोन दिवस. लगेच पहिलं इंजेक्शन दिलं. तीन दिवसांनी मुलगी झाली, दीड किलोची. काही दिवस नाकाला नळी होती, मग आईच्या छातीशी बांधून ठेवली.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला, कितवा? मी म्हटलं, एकतीस आठवडे पाच दिवस. पलीकडे शांतता. ती बोटांच्या पेरांवर मोजत असणार, चांदाचे महिने, दादीसारखे. मग म्हणाली, सातमाशीच की. जगेल.