दातांची तार आणि चार दिवसांचा धीर
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी दंतवैद्य नाही, साधा शिक्षक आहे. परंतु माझ्या वर्गातील एका मुलीमुळे मला या विषयाचा अभ्यास करावा लागला. खणखणीत आवाजात धडा वाचणारी ही मुलगी दातांना तार बसवून आली आणि एकदम मुकी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की दात ठणकतात, तार गालाला आतून टोचते आणि वर्गातील मुले "काटेरी कुंपण" म्हणून चिडवितात. घरी आजीने तर निकालच देऊन टाकला होता, "पोरीचे हाल कशाला? काढून टाका ती तार!" वडिलांनी कापसाच्या पैशातून केलेला खर्च वाया जाण्याची वेळ आली होती.

पालकहो, आधी हे दुखणे समजून घ्या. तार दातावर हलका पण सतत दाब देते. त्यामुळे दाताच्या एका बाजूचे हाड हळूहळू झिजते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. तार बसविल्यावर किंवा आवळल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, साधारण दुसऱ्या दिवशी तो वाढतो आणि बहुधा आठवड्याच्या आत थांबतो. तेवढा धीर धरला की झाले.

या दिवसांत मुलांना मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर, दही-भात आणि आपल्या जिल्ह्याची केळी द्यावीत. कमी तिखटाचे वांग्याचे भरीतही चालते. फुटाणे, कडक शेव, ऊस, मक्याचे कणीस, चिक्की, बर्फ हे मात्र तार निघेपर्यंत वर्ज्य समजावे. टोचणारी जागा कोरडी करून तेथे दंतवैद्याने दिलेल्या मेणाची लहान गोळी दाबून बसवावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. फारच दुखल्यास डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावी. हिरडीला मशेरी किंवा तंबाखू लावू नये आणि घरी पक्कड घेऊन तार तोडू नये.

प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने दात घासावेत. रमजानमध्ये इफ्तारीनंतर आणि सहरीनंतर ही काळजी विशेष घ्यावी. खजूर चिकट असतो, म्हणून बी काढून त्याचे बारीक तुकडे करावेत. मिसवाक करणाऱ्यांनीही तारेत अडकलेले कण काढण्यासाठी ब्रश वापरावा.

मात्र सूज आली, तार निसटली किंवा दुखणे आठवड्यापेक्षा लांबले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. खाजगी खर्च झेपत नसेल त्यांनी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अंदलुसियातील शल्यवैद्य अबुल कासिम अल-झहरावी यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. पुढे १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दात सरळ करण्याच्या पट्टीचे वर्णन केले. एवढ्या विद्वानांनी ज्यावर डोके झिजविले, त्याची तुम्ही थट्टा करावी काय? दाताचा ठणका आठवड्यात जातो, तुमच्या शब्दाचा ठणका वर्षानुवर्षे राहतो.

मी वर्गात फळ्यावर दाताची आकृती काढून हे सारे समजावून सांगितले. चिडविणाऱ्या मुलांनीच सर्वाधिक प्रश्न विचारले! पुढच्या आठवड्यात ती मुलगी धडा वाचावयास उभी राहिली. शब्द थोडे बोबडे येत होते, पण कोणी हसले नाही. तिची तार आजही दातांवर आहे.

आपल्या घरी, आपल्या वर्गात असे मूल असेल तर त्याला मऊ घास द्या आणि मऊ शब्दही द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.